आजारी माणसापासून त्याचाच आजार लपवणे कितपत योग्य?

मंदार, पुणे (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. एका कौटुंबिक प्रश्नावर अनुभवी मंडळींचे मत हवे आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

माझी आई ६८ वर्षांची आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त झाल्यापासून ती गडहिंग्लजजवळच्या आमच्या गावी थोरल्या भावाकडे राहते. पोट फुगल्यासारखे वाटणे, दोन घासांत पोट भरणे अशा तक्रारी तिने बरेच दिवस अंगावर काढल्या. शेवटी तपासण्या झाल्या, तेव्हा अंडाशयाचा कर्करोग असल्याचे आणि तो पोटात पसरला असल्याचे निष्पन्न झाले. आधी केमोथेरपीची तीन आवर्तने, मग शस्त्रक्रिया आणि त्यानंतर पुन्हा केमो, असा डॉक्टरांचा बेत आहे. ही सगळी चर्चा दादा, वहिनी आणि मी अशा तिघांसमोर झाली. आई त्या वेळी बाहेर बाकावर बसली होती. बाहेर आल्यावर दादाने तिला सांगितले, "आतड्याला सूज आहे, थोडे दिवस सलाईन घ्यावी लागेल."

तेव्हापासून घरातले सगळे व्यवहार त्या एका वाक्याला सांभाळून चालले आहेत. फाइल शेजारच्या काकांच्या कपाटात ठेवली जाते. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला अंगणातच गाठून काय बोलायचे आणि काय टाळायचे हे पढवले जाते. केस गळू लागतील तेव्हा "औषध फार उष्ण आहे" असे सांगायचे, हेही वहिनीने ठरवून ठेवले आहे. आईने फोनवर मला सरळ विचारले, "मला नक्की काय झालंय रे?" आणि घरात ठरलेलेच उत्तर मी तिला दिले.

दादाचे म्हणणे असे, की तिने नाव ऐकले तर ती हाय खाईल आणि उपचारांआधीच खचेल. त्याच्या मायेविषयी मला तिळमात्र शंका नाही. पण आमच्या मावशीच्या बाबतीतही असेच घडले होते आणि ती गेल्यावर तिच्या पेटीत बहिणीला लिहायला घेतलेले, अर्धवट राहिलेले पत्र सापडले. आपल्या घरांमध्ये "जेवलो", "पोचलो", "औषध घेतले", "काही दुखत नाही" अशी काळजीपोटीची खोटी वाक्ये रोज इतक्या सहजपणे बोलली जातात, की हे मोठे खोटेही त्याच सवयीतून आलेले असावे, असे मला वाटू लागले आहे. माझा प्रश्न एवढाच आहे, की ज्या माणसाच्या भल्यासाठी हे खोटे बोलले जाते, त्याचे त्यातून खरोखर भले होते का? आणि सांगायचेच ठरवले, तर ते कोणी, कधी आणि कोणत्या शब्दांत सांगावे?

सुनंदाताई, निवृत्त परिचारिका

मंदार, मी माझ्या नोकरीची बहुतेक वर्षे कर्करोग विभागात काढली आहेत, त्यामुळे तुम्ही वर्णन केलेले घर मला परके नाही. "सिस्टर, आईंना काही सांगू नका हं" हे वाक्य विभागात नव्या रुग्णाबरोबर हमखास येत असे, आणि ते म्हणणारी माणसे दुष्ट नसत, उलट रात्र रात्र उशाशी बसणारीच असत. म्हणूनच या खोट्याकडे कठोरपणे पाहणे अवघड जाते. तरीही माझे मत स्पष्ट आहे, की विचारणाऱ्या रुग्णाला खोटे उत्तर देऊ नये.

पहिली गोष्ट अशी, की रुग्णाला बहुधा कळलेले असते. तुमच्या आई शिक्षिका होत्या, त्यांना वाचता येते. दर तीन आठवड्यांनी लावली जाणारी सलाईन, शेजारच्या खाटेवरच्या बाईचे गेलेले केस, विभागाच्या दारावरची पाटी आणि भेटायला येणाऱ्यांचे अचानक हळवे झालेले आवाज यांची बेरीज त्या करणार नाहीत, असे समजणे हा त्यांच्या बुद्धीचा अपमान आहे. कित्येक बायका रात्रपाळीला मला जवळ बोलावून विचारत, "कॅन्सरच आहे ना?" आणि लगेच पुढे म्हणत, "मुलांना सांगू नका मला कळलंय म्हणून, त्यांना वाईट वाटेल." अशा घरात मुले आईसमोर हसतात, आई मुलांसमोर हसते, आणि दोघेही एकटे असताना रडतात. रोगाची भीती खोटे बोलून जात नाही, ती वाटून घ्यायला जे माणूस हवे असते ते मात्र हातचे जाते, आणि मला या साऱ्या प्रकारातले सर्वांत मोठे नुकसान हेच वाटते.

दुसरी गोष्ट उपचारांची. केमो सुरू असताना ताप आला, तर तो साधा ताप समजून घरी क्रोसिन घेऊन झोपून चालत नाही. पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असतात आणि काही तासांत जीवावर बेतू शकते, म्हणून ताप शंभर-साडेशंभरच्या पुढे गेला की तडक रुग्णालय गाठावे लागते. "आतड्याला सूज" असलेल्या बाईने एवढी धावपळ का करावी? ती अंगावर काढेल, आजवर तिने तेच केले आहे. आपल्याला काय झाले आहे हे ठाऊक असलेला रुग्ण स्वतःवर लक्ष ठेवू शकतो, आणि घरातल्या कोणाहीपेक्षा त्याचे लक्ष लवकर जाते.

तिसरी गोष्ट संमतीची आहे आणि ती अनेकांना माहीत नसते. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली समीरा कोहली खटल्याच्या निकालात असे ठरवून दिले, की उपचारांचे स्वरूप, त्यांचा हेतू, त्यांतले धोके आणि उपलब्ध पर्याय यांची पुरेशी माहिती मिळाल्यावर रुग्णाने स्वतः दिलेली संमतीच खरी संमती होय. सज्ञान आणि शुद्धीवर असलेल्या रुग्णाच्या वतीने नातेवाइकाने परस्पर दिलेली संमती पुरेशी नाही. त्या खटल्यात मुलगी भुलेखाली असताना तिच्या आईची संमती घेतली गेली होती आणि न्यायालयाने ती ग्राह्य धरली नाही. तुमच्या आईची शस्त्रक्रिया व्हायची आहे. अंडाशय आणि गर्भाशय काढण्याच्या कागदावर सही करताना त्यांना सूज एवढेच ठाऊक असेल, तर त्या सहीला काय अर्थ उरतो?

हे मान्य केले पाहिजे, की आम्ही वैद्यकातली माणसेही यात मागेच होतो. वैद्यकीय व्यवसायाच्या २००२ च्या आचारसंहितेत डॉक्टरने आजाराचे गांभीर्य वाढवूनही सांगू नये आणि कमी करूनही सांगू नये असे म्हटले आहे, पण ते सांगायचे कोणाला, तर रुग्णाला, त्याच्या नातेवाइकांना किंवा जबाबदार मित्रांना, अशी सोयीची पळवाट त्याच कलमात आहे. अमेरिकेतही फार वेगळे नव्हते. तिथल्या डॉक्टरांची १९६१ साली पाहणी झाली, तेव्हा सुमारे ९० टक्के जण कर्करोगाचे निदान रुग्णाला न सांगण्याच्या बाजूचे होते. १९७९ साली तीच प्रश्नावली पुन्हा वापरली गेली, तेव्हा ९७ टक्के जण सांगण्याच्या बाजूचे निघाले. मधल्या काळात उपचार सुधारले, रुग्णांच्या हक्कांची जाणीव वाढली, आणि माणसे सत्य ऐकून कोसळतातच असे नाही हा अनुभवही गाठीशी आला. म्हणजे "सांगितले तर रुग्ण खचेल" हे कधी काळी जगभरच्या शहाण्यासुरत्या डॉक्टरांचेही मत होते, आणि अनुभवाने त्यांना ते बदलावे लागले.

आणखी एक निरीक्षण नोंदवते, कारण ते मला नेहमीच खुपत आले आहे. नवरा आजारी असेल तर बहुतेक घरांत बायको त्याच्यापासून लपवते, पण तो जोरात विचारतो आणि त्याला सांगावे लागते. बायको किंवा आई आजारी असेल तर निर्णय नवरा आणि मुलगे घेतात, आणि तिने विचारले तरी "तू कशाला डोक्याला ताप करून घेतेस" असे म्हणून तिला गप्प केले जाते. खोटे कोणाशी बोलायचे, हे घरात कोणाचे ऐकले जाते यावर फार अवलंबून असते.

अनंत, नाशिक

सुनंदाताईंचा अनुभव मोठा आहे आणि त्यांच्या बहुतेक मुद्द्यांशी मी सहमत आहे. तरी दुसरी बाजू कोणीतरी मांडायला हवी, म्हणून लिहितो.

माझ्या वडिलांना यकृताचा कर्करोग झाला होता. निदानाच्या आधीच त्यांनी मला जवळ बसवून सांगितले होते, की "जे काय निघेल ते तू बघ, डॉक्टरांशी तूच बोल, मला नावं ऐकवू नकोस." ते शेवटपर्यंत त्यावर ठाम राहिले. त्यांनी घराची कागदपत्रे माझ्या हवाली केली, पंढरपूरला जाऊन आले, नातवंडांना जवळ घेऊन बसत राहिले, पण रोगाचे नाव त्यांनी कधी विचारले नाही आणि आम्ही उच्चारले नाही. त्यांची फसवणूक झाली असे मला आजही वाटत नाही. सत्य जाणून घेण्याचा हक्क आहे, तसा ते न जाणण्याचाही हक्क माणसाला असला पाहिजे, आणि आपले ओझे कोणी वाहावे हे ठरवून एखादा माणूस ते मुलाच्या खांद्यावर विश्वासाने ठेवत असेल, तर त्याला दुबळे म्हणू नये.

ही रीत केवळ आपली आहे असेही नाही. जपानचे सम्राट हिरोहितो १९८९ साली कर्करोगाने वारले, पण त्यांना स्वतःला रोगाचे नाव सांगितले गेले नव्हते, आणि त्या काळच्या जपानी समाजात त्याचे कोणाला फारसे नवल वाटले नव्हते. जिथे कुटुंब एकत्रितपणे निर्णय घेते, तिथे रुग्णाला एकट्याला समोर बसवून सगळे आकडे ऐकवणे हा क्रूरपणाही ठरू शकतो. काही डॉक्टर आता कायद्याच्या भीतीने ज्या कोरडेपणाने "चौथा टप्पा आहे, टक्केवारी एवढी आहे" असे सांगून मोकळे होतात, ते मी पाहिले आहे, आणि त्या सत्यात मला कसलेही मोठेपण दिसले नाही.

आपल्याकडे "सत्यं ब्रूयात् प्रियं ब्रूयात् न ब्रूयात् सत्यमप्रियम्" असे सुभाषित आहे, आणि लपवणारे लोक त्याचा आधार घेतात. त्याची दुसरी ओळ मात्र कोणी म्हणत नाही. "प्रियं च नानृतं ब्रूयात्", म्हणजे गोड वाटावे म्हणून खोटेही बोलू नये, असे तिथे लगेच बजावलेले आहे. अप्रिय सत्य न बोलणे आणि प्रिय असत्य बोलणे यांच्यामध्ये मौनाची जागा आहे, आणि माझ्या वडिलांच्या बाबतीत आम्ही त्या जागेत राहिलो. त्यांनी विचारले असते, तर मी सांगितले असते. मंदार, तुमच्या आईने विचारले आहे. तिथे तुमचा आणि माझा रस्ता वेगळा होतो, हे मला नमूद केले पाहिजे.

तालुक्यातला डॉक्टर

मी संगमनेर भागात सामान्य व्यवसाय करतो. इथे चर्चा मोठ्या आजाराची चालली आहे, पण मंदार यांनी रोजच्या लहान खोट्यांचा उल्लेख केला आहे, आणि माझ्या मते मुळाशी तेच आहे. घरच्यांनी रुग्णापासून लपवण्याच्या कितीतरी आधी रुग्णाने स्वतःपासून लपवायला सुरुवात केलेली असते.

"साखर आहे का?" असे विचारले, की "नाही, बॉर्डरवर आहे" असे उत्तर मिळते. उपाशीपोटीची साखर १०० ते १२५ असेल तर त्याला बॉर्डर म्हणता येईल; १२६ आणि त्यापुढे तपासणीत पुन्हा तसेच आले तर तो मधुमेह होय. पण १८० चा अहवाल हातात असलेले आणि पाच वर्षांपासून गोळी घेणारे गृहस्थही मला बॉर्डरवर असल्याचे सांगतात. तपासणीच्या आधी दोन दिवस भात आणि गोड बंद करायचे, सकाळी भराभर चालून यायचे, मग रक्त द्यायचे आणि आकडा चांगला आला की समाधानाने घरी जायचे, हा प्रकार इतका सार्वत्रिक आहे, की एचबीएवनसी ही तपासणी मला फार मोलाची वाटते. तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात आणि त्या काळात रक्तात जितकी साखर असेल त्या प्रमाणात ती हिमोग्लोबिनला चिकटते, त्यामुळे मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी त्या एका आकड्यात दिसते. दोन दिवसांच्या पथ्याने तो आकडा हलत नाही. तो ६.५ च्या वर असलेला दाखवला, की रुग्ण मला नव्हे तर यंत्राला दोष देतात, आणि "दुसऱ्या लॅबमध्ये करून बघू का?" असे विचारतात. त्या क्षणी ते माझ्याशी खोटे बोलत नसतात. त्यांनी स्वतःला सांगितलेल्या गोष्टीवर त्यांचा खरोखरच विश्वास बसलेला असतो.

रक्तदाबाचेही तेच आहे. "मला काही त्रास होत नाही, म्हणून मी गोळी बंद केली." वाढलेला रक्तदाब बहुधा काहीच जाणवू देत नाही, आणि त्यामुळेच तो मेंदूपर्यंत किंवा मूत्रपिंडापर्यंत जाऊन पोहोचतो. तंबाखूविषयी विचारले, तर आमच्या भागातल्या बायका ठामपणे नाही म्हणतात आणि दिवसातून चार वेळा मिश्री लावतात. मिश्री म्हणजे भाजून कुटलेली तंबाखूच आहे, पण ती दात घासण्यासाठी असते, म्हणून ती तंबाखूत धरायची नाही असे त्यांनी मनाशी ठरवलेले असते. तोंडातला पांढरा चट्टा मात्र हा हिशेब मानत नाही. त्यामुळे मी आता "तंबाखू खाता का?" असे विचारतच नाही, "मिश्री किती वेळा लावता?" असे विचारतो आणि मला खरे उत्तर मिळते. प्रश्नात आरोप असला की माणूस बचावाला उभा राहतो; मला वाटते, खोट्याची अर्धी जबाबदारी पुष्कळदा विचारणाऱ्याचीच असते.

एक सूचना मात्र तातडीची आहे, कारण मंदार यांच्या आईची शस्त्रक्रिया ठरते आहे. भूल देण्याआधी काही खाल्ले-प्यायले का, हे विचारले जाते तेव्हा "घोटभर चहाच घेतलाय, सांगू नकोस, नाहीतर ऑपरेशन पुढे ढकलतील" असे नातेवाईक रुग्णाला कानात सांगतात. दूध घातलेला चहा भुलेच्या दृष्टीने पाण्यात मोडत नाही, तो खाण्यात मोडतो, आणि त्यासाठी सहा तासांचे अंतर लागते. भुलेखाली पोटातले वर येऊन फुप्फुसात गेले, तर जीव जाऊ शकतो. रक्त पातळ करण्याची गोळी, काढे, भस्मे, गावातल्या वैद्याची पुडी, यांतले काहीही लपवू नका. डॉक्टर रागावतील या भीतीने बोललेल्या खोट्याची किंमत डॉक्टर मोजत नाही.

केतकी, न्यू जर्सी

सगळे वाचून मला आमच्या घरातले फोन आठवले. आईबाबा सोलापूरला, मी आणि नवरा इथे एडिसनला. गेल्या वर्षी बाबा अंगणात घसरले आणि त्यांच्या पायाला प्लॅस्टर घातले गेले. ते निघेपर्यंत रोजच्या व्हिडिओ कॉलवर आम्हाला फक्त त्यांचा चेहरा दिसत राहिला. "अहो बाबा, जरा उठून ती नवीन झाडं दाखवा ना", असे मी म्हणाले, की आई फोन हातात घेऊन स्वतः अंगणात जायची. पुढे हे सगळे मला आतेभावाकडून कळले.

मला राग आला, पण त्याच सुमारास माझ्या नवऱ्याची नोकरी गेली होती आणि आम्ही तिकडे चकार शब्द काढला नव्हता. ज्यांचे इथले राहणे एच-वन-बी व्हिसावर असते, त्यांना नोकरी सुटल्यावर दुसरी शोधायला किंवा देश सोडायला साधारणपणे ६० दिवस मिळतात. ते दिवस आम्ही कसे काढले हे आम्हालाच ठाऊक, आणि रोज रात्री फोनवर मात्र "काही विशेष नाही, ऑफिसचं काम फार आहे" असे सांगत होतो. त्यांचा आमच्यावर विश्वास नव्हता किंवा आमचा त्यांच्यावर नव्हता असे मुळीच नाही. बारा-तेरा हजार किलोमीटरवरून मदत करता येणार नाही, मग नुसती काळजी कशाला द्यायची, असा दोन्हीकडचा हिशेब होता. त्या हिशेबात एक गोष्ट सुटते. खोटे एकदा उघडे पडले, की त्यानंतरच्या प्रत्येक "आम्ही मजेत आहोत" या वाक्यावरचा विश्वास उडतो, आणि काळजी कमी होण्याऐवजी कायमची घरात येऊन बसते. आई शिंकली तरी माझ्या मनात येते, की ही काय लपवते आहे?

आम्ही आता असे ठरवले आहे, की पडणे, दवाखान्यात दाखल होणे, नोकरी आणि जवळच्या माणसाचा मृत्यू, या चार गोष्टी त्याच दिवशी कळवायच्या. बाकी सर्दी-खोकल्याचे ज्याचे त्याने बघावे. बाबांनी सुरुवातीला कुरकुर केली, पण त्यांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन ठरले तेव्हा त्यांनी आपण होऊन तारीख कळवली. एवढी मुभा ठेवल्यामुळेच हा करार टिकला आहे असे मला वाटते. सगळेच सांगायचे असे ठरवले असते, तर आम्ही सगळेच पुन्हा लपवायला लागलो असतो.

मंदार, पुणे

सर्वांचे मनापासून आभार. अनंत यांचे "आईने विचारले आहे" हे वाक्य माझ्या मनात घर करून राहिले आहे, आणि आईला सांगावे असे माझे मत आता पक्के झाले आहे. अडचण दादाची आहे. आईचे सगळे तोच करतो, रात्री-अपरात्री तोच उठतो, आणि मी पुण्याहून येऊन त्याला शहाणपण शिकवावे हे मला योग्य वाटत नाही. त्याच्या पाठीमागे आईला सांगणे तर त्याहून वाईट. सुनंदाताई, अशा वेळी तुम्ही काय करत होता?

सुनंदाताई, निवृत्त परिचारिका

मंदार, दादाच्या पाठीमागे सांगू नका, हे तुम्ही बरोबर ओळखले आहे. सांगितल्यानंतरही त्यांनाच आईजवळ राहायचे आहे. त्यांच्याशी बोलताना "आपण खोटे बोलतो आहोत" असे म्हणू नका, कारण त्या वाक्याने त्यांच्या आजवरच्या सगळ्या कष्टांवर ठपका येतो. "तुला हे एकट्याने सांभाळायला किती जड जात असेल" इथून सुरुवात करा. लपवणाऱ्या माणसाची स्वतःची भीती फार मोठी असते. पुष्कळदा आई खचेल ही भीती वरवरची असते, आणि आई आपल्यासमोर रडली तर आपण काय करू, ही खरी. ती बोलून दाखवता आली की माणूस सैल होतो. मी मुलांना एक प्रश्न विचारत असे, की "उद्या त्यांना बाहेरून कळलं, आणि त्यांनी तुम्हाला विचारलं की तुला माहीत होतं का, तर काय सांगाल?" या प्रश्नापाशी बहुतेक जण थांबत.

सांगण्याचे काम शक्यतो कर्करोगतज्ज्ञांकडे सोपवा, पण दादा आणि तुम्ही दोघेही तिथे बसा. वाईट बातमी कशी सांगावी याची 'स्पाइक्स' नावाची सहा पायऱ्यांची पद्धत २००० सालापासून डॉक्टरांना शिकवली जाते, आणि तिच्यातला जो भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो तो सांगण्याच्या आधीचा आहे. प्रथम रुग्णाला विचारायचे, "तुम्हाला आतापर्यंत काय समजलं आहे?" आणि मग विचारायचे, "तुम्हाला किती जाणून घ्यायला आवडेल? सगळं तपशिलात सांगू, की मोघम सांगू आणि बाकीचं मुलांशी बोलू?" या प्रश्नामुळे अनंत यांच्या वडिलांसारख्या माणसाची इच्छाही राखली जाते आणि तुमच्या आईसारख्या विचारणाऱ्या बाईलाही उत्तर मिळते. किती सांगायचे हे ठरवण्याचा अधिकार ज्याचा आजार आहे त्याच्याकडे परत जातो. दादांना हे समजावणे सोपे जाईल, कारण आपण आईवर काही लादत नाही, तिला विचारतो आहोत, हे त्यांना दिसेल.

सगळे एका बैठकीत सांगायची गरज नसते. पहिल्या दिवशी रोगाचे नाव आणि पुढचे उपचार एवढे पुरे. "किती दिवस?" हा प्रश्न त्यांनी विचारला तरच त्यावर बोलायचे, आणि तेव्हाही आकडा सांगू नये, कारण तो कोणालाच नेमका ठाऊक नसतो आणि सांगितलेला आकडा रुग्ण विसरत नाही. त्या रडतील. रडू द्या, लगेच "रडू नकोस, काही होत नाही" असे म्हणू नका. दुसऱ्या दिवशी त्या बहुधा व्यवहाराचे बोलतील. माझ्या पाहण्यात बायका फार लवकर व्यवहारावर येतात. कोणाला कळवायचे आणि कोणाला नाही, हे त्यांनाच ठरवू द्या. पेन्शनचे खाते, वारसनोंद, दागिने कोणाला द्यायचे, कोणाला एकदा भेटायचे आहे, हे सगळे त्यांच्या तोंडून निघेल. पुढे कधी आपल्याला निर्णय घेता आला नाही तर कृत्रिम श्वास वगैरे उपचार किती काळ करावेत, याविषयीची आपली इच्छाही त्यांना लिहून ठेवता येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली त्याला मान्यता दिली आणि २०२३ साली पद्धत सोपी केली, त्यामुळे आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढ्यावर ते काम होते.

पहिल्या केमोच्या आधी डॉक्टरांची वेळ मागून घ्या आणि फोनवरच सांगा, की आईला समोर बसवून बोलायचे आहे, अर्धा तास लागेल, गर्दीच्या ओपीडीत नको. शेजारच्या काकांकडची फाइल त्या दिवशी बरोबर न्या, आणि ती आईच्या हातात द्या.